चादर म्हणजे नक्की काय आणि ‘टाईप’ म्हणजे कोण : प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून काम सुरू. पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा जुना माल एका ट्रस्टकडे आलाय, म्हणजे नमुन्याच्या चादरी, टॉवेल, जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) पंच कार्डांच्या माळा, ऑर्डरीच्या वह्या, कामगारांचे ग्रुप फोटो, आणि त्या सगळ्याची डिजिटल सूची करायचीय. माझ्या आधी एकाने एक्सेल करून ठेवलीय. उघडली, बंद केली, चहा पिऊन आलो, परत उघडली. कॉलम असे: नाव, नाव२, प्रकार, टाईप, साईज, कलर, कलर (परत एकदा), तारीख, डेट, शेरा.

प्रकार आणि टाईप वेगवेगळे का, हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही. टाईपमध्ये नुसतं ए, बी, सी भरलंय. ज्याने भरलं तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही.

टीम म्हणजे मी, स्कॅनिंगला इंजिनिअरिंगचा एक पोरगा (“सर, दोन दिवसात होतंय की हे”), आणि ट्रस्टने मदतीला दिलेले अण्णा, ज्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलंय. मुंबईतल्या एक क्युरेटर मॅडम ऑनलाइन असतात.

७ जानेवारी, मंगळवार

कपाटं रिकामी केली, तीन होती, तिन्ही वाळवीने खाल्लेली, भंगारवाल्याला दिली. माल प्लास्टिकच्या खोक्यांत भरला. दिवसभर शिंका.

९ जानेवारी, गुरुवार

पहिलं भांडण. मॅडमनी शीटमध्ये ‘प्रकार’खाली जिथं जिथं चादर होतं तिथं तिथं ‘बेडशीट’ करून टाकलं, एकदम सगळीकडे, रिप्लेस ऑल. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, मुंबई-पुण्याकडे बऱ्याच घरात चादर म्हणजे गादीवर घालायची. अण्णांनी स्क्रीन बघितली आणि शांतपणे म्हणाले, “ताई, चादर अंगावर घ्यायची असती. खाली टाकतात ते बेडशीट.” मॅडम म्हणाल्या अहो पण शब्द तोच ना. अण्णा म्हणाले शब्द तोच हाय, माल वेगळा हाय.

घरी येताना डोक्यात तेच. आपण तीन गोष्टी एकाच डब्यात कोंबल्यात. एक म्हणजे नाव, जे कॉम्प्युटर ओळखायला वापरतो, फील्डचं (म्हणजे कॉलमचं) असो नाहीतर यादीतल्या एखाद्या नोंदीचं, ते एकदा दिलं की हलवायचं नाही. दुसरं लेबल, माणसाच्या डोळ्याला स्क्रीनवर दिसतं ते, ते मराठीत एक असेल तेलुगूत दुसरं, उद्या बदललं तरी आभाळ कोसळत नाही. तिसरी व्याख्या, म्हणजे या खान्यात नक्की कशाला जागा आहे आणि कशाला नाही. मॅडमनी लेबल बदललं असं त्यांना वाटलं, पण खरं तर त्यांनी व्याख्या बदलली, आणि व्याख्या कुठं लिहिलेलीच नव्हती त्यामुळे बदलली हे कुणाला कळलंही नाही, अण्णांचं लक्ष गेलं नसतं तर तसंच छापून गेलं असतं.

हे मी काही नवीन शोधलेलं नाही. डब्लिन कोर नावाचं मेटाडेटाचं, म्हणजे वस्तूबद्दलची माहिती कशी नोंदवायची याचं, जे प्रसिद्ध प्रकरण आहे त्यात प्रत्येक घटकाला नाव, लेबल आणि व्याख्या हे तीन वेगळे रकाने दिलेले असतात. गाभ्याचे घटक १५. आणि हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही बरं का, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं गाव आहे, तिथं १९९५ मध्ये बैठक झाली म्हणून ते नाव. मी स्वतः कितीतरी दिवस आयर्लंडच समजत होतो.

१४ जानेवारी, मंगळवार

सुट्टी. काल सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेलो होतो, सम्मती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळी पोरांना घेऊन होम मैदानावर पाळण्यात.

सुट्टीतही डोकं तिकडंच. वह्यांमध्ये ‘गड्डा ॲडव्हान्स’ अशी नोंद आहे, कामगारांना यात्रेआधी पैसे द्यायचे त्याची. स्कॅनिंगवाल्या पोराने त्याला ‘सिद्धेश्वर यात्रा’ असा टॅग लावलाय आणि गड्डा हे त्याचंच दुसरं नाव म्हणून टाकलंय. पण एक आहे का हे? नंदीध्वज, तैलाभिषेक, अक्षता, होम ही यात्रा. पाळणे, भेळ, मौत का कुआँ हा गड्डा. “गड्ड्याला जाऊन आलो” म्हणणारा माणूस देवळात गेलाच असेल असं नाही. माझ्या मते ही एका संकल्पनेची दोन लेबलं नाहीत, दोन संकल्पना आहेत, एकमेकींना चिकटलेल्या. पोराला सांगितलं की दोन वेगळ्या नोंदी कर आणि संबंध जोड. त्याने थम्ब पाठवला, केलं का ते उद्या बघायचं.

२० जानेवारी, सोमवार

आज फक्त व्याख्या. लांबलचक दिवस, म्हणून लांबलचक नोंद.

जुन्या शीटच्या शेवटच्या पानावर कुणीतरी माहिती लिहिली होती. रंग: मालाचा रंग. साईज: मालाची साईज. याला व्याख्या म्हणत नाहीत, हा गोल गोल फिरवलेला धोटा आहे, त्यात कांडीच नाही. मेटाडेटा रजिस्ट्रीसाठी आयएसओ १११७९ म्हणून मानक आहे, त्याचा एक भाग अख्खा व्याख्या कशी लिहावी यावरच आहे, एकवचनात लिहा, काय आहे ते सांगा, नुसतं काय नाही ते सांगू नका, स्वतःभोवती फिरू नका, कारणं आणि वापराची पद्धत आत घुसडू नका. वाचायला सोपं आहे. लिहायला बसलो चादरीची व्याख्या आणि दुपारचे तीन वाजले.

मध्ये आमच्या गल्लीतले संस्कृतचे रिटायर्ड सर भेटले, त्यांना सहज सांगितलं तर ते कट्ट्यावरच बसले आणि शिकवायलाच लागले. म्हणाले, न्यायदर्शनात वात्स्यायनाने शास्त्राची रीतच तीन पायऱ्यांची सांगितलीय, उद्देश, लक्षण, परीक्षा. उद्देश म्हणजे पदार्थाचं नुसतं नाव घेणं. लक्षण म्हणजे त्याला बाकीच्यांपासून वेगळं करणारा धर्म सांगणं. परीक्षा म्हणजे ते लक्षण त्याला लागू पडतं का ते तपासणं. आणि लक्षणाचे दोष तीन, गाईचं उदाहरण. ‘गाय म्हणजे तपकिरी जनावर’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेलं जनावर’ म्हटलं तर म्हैस आत आली, ही अतिव्याप्ती. ‘एक खूर असलेलं जनावर’ म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. बरोबर लक्षण कुठलं, तर गळ्याखालची पोळी, सास्ना म्हणतात तिला. मी म्हटलं सर हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं, ते म्हणाले तू विचारलंस कधी.

परत येऊन अण्णांसमोर परीक्षा लावली. मी लिहायचं, त्यांनी माल आणून माझी व्याख्या पाडायची. त्यांना फार मजा आली.

‘सोलापुरात विणलेलं सुती पांघरूण.’ अण्णांनी खोक्यातून दोन चादरी काढल्या, बाहेरगावच्या, मालकाने नमुना म्हणून आणलेल्या. अव्याप्ती. शिवाय कुठं विणली हे वेगळं फील्ड आहे, ते प्रकाराच्या व्याख्येत कशाला.

‘जॅकार्डवर विणलेलं जाड सुती कापड.’ त्यांनी वॉल हँगिंग उचलून दाखवलं. अतिव्याप्ती.

‘दोन्ही बाजूंना उलट रंगांत नक्षी दिसणारं विणलेलं सुती पांघरूण.’ यावर मी खूश होतो, सास्ना सापडली वाटलं. अण्णा आत गेले आणि एक साधी पट्ट्यापट्ट्यांची आणली, नक्षीच नाही. “ही बी चादरच की सर. स्वस्तातली. लई खपायची.” परत अव्याप्ती, आणि ही जास्त लागली, कारण माझी व्याख्या गुपचूप फक्त भारी माल धरून चालली होती.

शेवटी ठेवलं ते असं: ‘मागावर विणलेलं, शिवून न जोडलेलं, जाड सुती पांघरूण.’ गोधडी शिवतात म्हणून बाहेर, घोंगडी लोकरीची म्हणून बाहेर, बेडशीट पांघरूणच नाही म्हणून बाहेर. ‘जाड’ म्हणजे किती ते अजून लोंबकळतंय. आता कुणी म्हणेल पांघरूण म्हणजे वापर आला की, आणि वापर घालू नका म्हणून मानक सांगतं. माझं म्हणणं, माणसाने बनवलेल्या वस्तूत वापर हीच जात असते, तो काढला तर चादर आणि पडदा यांत फरक कशाने करणार. मी ठेवलाय. कुणाला खटकलं तर बघू.

जाता जाता ‘टाईप’चाही निकाल लावला. ए, बी, सी. अण्णा म्हणाले मालाची क्वालिटी असणार, कारखान्यात फर्स्ट-सेकंड असायचंच. मग नवीन फील्ड केलं, लेबल ‘दर्जा’, व्याख्या ‘विणीतल्या दोषांच्या प्रमाणावरून कारखान्याने मालाला दिलेली श्रेणी’. अव्याप्ती नाही, अतिव्याप्ती नाही, गोल फिरणं नाही. एकदम झकास व्याख्या झाली.

२३ जानेवारी, गुरुवार

डब्लिन कोरमधला ‘क्रिएटर’. ट्रस्टींना मराठी लेबल पाहिजे, कुणीतरी ‘निर्माता’ सुचवलं. निर्माता म्हटलं की आपल्याकडे पिक्चरला पैसे लावणारा डोळ्यासमोर येतो. गंमत अशी की कारखानदाराला तो शब्द बरोबर बसतो, पैसे त्यानेच लावले. पण डब्लिन कोरची व्याख्या लेबल विसरून वाचली तर ती ‘ही वस्तू घडवायला जबाबदार असलेली व्यक्ती किंवा संस्था’ अशी आहे. मग चादर घडवली कुणी? नक्षी कागदावर काढणारा, ती बघून कार्डं पंच करणारा, माग चालवणारा, का ज्याच्या शिक्क्याने विकली तो? एका मागावर चार माणसं उभी आहेत. चार वेगळी फील्ड करून ती क्रिएटरच्या खाली जोडली. कामगारांच्या फील्डमध्ये बहुतेक ठिकाणी रिकामं राहणार, वह्यांमध्ये त्यांची नावं नाहीत, नुसते माग नंबर आहेत. रिकामं राहू दे पण फील्ड असू दे.

२८ जानेवारी, मंगळवार

‘तारीख’ आणि ‘डेट’. एक वहीतली, दुसरी एक्सेलमध्ये भरल्याची. एवढंच. दोन दिवस गेले हे कळायला. आता लेबलच असं केलंय की चूक होणार नाही: ‘वहीतली तारीख’, ‘नोंद केल्याची तारीख’. काही वह्यांत शके लिहिलंय, ते जसंच्या तसं ठेवून शेजारी इसवी सन. आपल्याच जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरच्या शिलालेखात शके ९४० आहे, म्हणजे १०१८, तिथं कुणी शके पुसून इसवी सन खोदत नाही, मग आपण वहीत का.

३ फेब्रुवारी, सोमवार

लेबलं आणि भाषा. हा भाग मला सगळ्यात अवघड जाईल वाटलं होतं आणि सगळ्यात सोपा गेला.

आपल्याकडे एका गल्लीत चार भाषा. माग मराठीत, तेलुगूत मग्गम, कन्नडात मग्ग. पांघरूण कन्नडात होदिके. ट्रस्टमध्ये दोन गट, एकाचं म्हणणं सूची मराठीतच, दुसऱ्याचं म्हणणं हे विणणारे बहुतेक पद्मशाली, तेलुगू बोलणारे, त्यांचे शब्द खाली कंसात कशाला. भांडण तापायला लागलं होतं. तेव्हा स्कॉस दाखवलं, शब्दसूची मांडायची पद्धत, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २००९ मध्ये मान्य केलेली. त्यात संकल्पनेला स्वतःचा एक पत्ता असतो आणि लेबलं तिला बाहेरून चिकटतात. प्रत्येक भाषेत एक पसंतीचं लेबल, पण त्या भाषेत ते एकच. बाकीची पर्यायी, कितीही. आणि तिसरी जात छुपं लेबल, ते स्क्रीनवर दिसत नाही पण सर्चमध्ये सापडतं, चुकीची स्पेलिंगं वगैरे तिथं. म्हणजे मराठी वर आणि तेलुगू खाली असं काही नाहीच, सगळ्या एकाच पंगतीला. दोन्ही गट गप्प झाले, थोडे हिरमुसलेही वाटले.

अडचण निघाली ती वेगळीच. तेलुगूचं पसंतीचं लेबल काय? शब्दकोशात बघून मी ‘दुप्पटि’ टाकलं. अण्णा हसले. “आम्ही घरी तेलुगूत बोलताना बी चद्दरच म्हणतो की सर. दुप्पटि कोण म्हणतंय हितं.” मग चद्दर हा शब्द मराठी का तेलुगू? दोन्ही. तेच अक्षर दोन भाषांच्या खात्यावर टाकलं, नियमाला काही धक्का नाही. दुप्पटि पर्यायीत.

छुप्या लेबलांत चादार, चदर, आणि गावासाठी शोलापूर. जुन्या ऑर्डर वह्यांत सगळीकडे शोलापूरच आहे, साहेबाच्या स्पेलिंगमधून आलेलं. आधी तेही छुप्यात टाकलं होतं, नंतर उचलून पर्यायीत ठेवलं, कारण ती चूक नाही, त्या काळाचं लेबल आहे. सोन्नलगी पण ठेवायचं का यावर पोरगा अडून बसला, सिद्धरामेश्वरांच्या काळातलं नाव म्हणून. मी म्हटलं आपल्याकडे चादरी आहेत, वचनं नाहीत. तरी त्याने ठेवलं. असू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नक्ष्यांची यादी. एक नक्षी आहे, वेलीत पक्षी. मी लेबल दिलं ‘मोर-वेल’. मॅडम म्हणाल्या ‘मयूरलता’ छान वाटेल प्रदर्शनात. पोरगा म्हणाला सर यात मोर कुठंय, पोपट आहे हा. फोटो झूम करून करून बघितला, तुरा आहे का नाही यावर अर्धा तास. अण्णा चहा घेऊन आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, “एकशेबारा.”

म्हणजे? म्हणजे पंच कार्डांच्या माळेवर जो नंबर असतो तो. मागावर कुणी मोर म्हणत नव्हतं न पोपट, “एकशेबारा लावली का,” “एकशेबाराचा बीम संपला,” असंच बोलायचे. आणि मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो की नंबर फक्त मशीनसाठी असतो, माणूस नंबराने विचार करत नाही. लायब्ररीवाले पण तसेच की, मार्क नावाच्या त्यांच्या ग्रंथसूचीच्या पद्धतीत ग्रंथनामाचं फील्ड २४५, ते लोक आपसात “दोनशे पंचेचाळीसमध्ये चूक आहे” असंच बोलतात.

मग वाटलं चला, आयता आयडी मिळाला, एकशेबाराच वापरू. दुपारी दुसऱ्या खोक्यात आणखी एक ११२ निघाली, पूर्ण वेगळी नक्षी, चौकड्यांची. अण्णा म्हणाले वाटणी झाल्यावर धाकट्या मालकाने नंबर परत एकपासून सुरू केले. झालं. आयडी म्हणून बाद, एका नंबराला दोन नक्ष्या. लेबल म्हणून मात्र एकदम पक्कं, कारण लोक तेच म्हणायचे, आणि कुठली एकशेबारा हे त्यांना शेडवरून कळायचं. आमचा आयडी वेगळा, अर्थ नसलेला, लेबल ‘एकशेबारा (थोरली शेड)’. व्याख्येत ‘पक्षी’ लिहिलंय. मोर का पोपट ते बघणाऱ्याने ठरवावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लाईट नव्हती, वाचत बसलो. पारिभाषिक शब्दांचं शास्त्र म्हणून जे उभं राहिलं त्यात सगळ्यात मोठं नाव ऑयगेन व्युस्टर, ऑस्ट्रियाचा, १८९८ ते १९७७. त्याचा हट्ट हा की आधी संकल्पना ठरवा, मग तिला शब्द द्या, आणि एका संकल्पनेला एकच शब्द, एका शब्दाला एकच संकल्पना. नंतरच्या लोकांनी त्याच्यावर बरीच टीका केली की खरी भाषा अशी चालत नाही. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच, हा माणूस प्रोफेसरकीवर जगत नव्हता, करवती बनवायचा घरचा कारखाना चालवायचा. कारखानदार! म्हणजे त्याला चुकीच्या नावाने चुकीचा पार्ट आला की काय होतं ते माहीत असणार. पण त्याच्या शेडमध्ये एकशेबारा कुणाला म्हणायचे हे त्याला माहीत होतं का, कोण जाणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ट्रस्टी साहेबांचा निरोप, २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, तेव्हा सूची खुली करायची आणि सगळे शब्द शुद्ध मराठी पाहिजेत. जॅकार्डला पण. जॅकार्ड हे फ्रान्समधल्या माणसाचं आडनाव आहे हो, त्याचं काय शुद्ध करणार.

त्यांना शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचं उदाहरण द्यायचं होतं, ते मीच उचललं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. हुद्दा तोच, काम तेच, लेबल बदललं, आणि ते जमलं कारण कामं आधी नेमून दिलेली होती. आणि पेशव्याचं बघा, मुख्य प्रधान केलं, शिक्क्यात प्रधान राहिलं, पण पुढं सगळं जग पेशवेच म्हणालं. साहेब हसले. तडजोड अशी की लेबल दोन्ही राहतील, पसंतीचं कुठलं ते त्यांनी ठरवावं, पण मशीनच्या नावाला आणि व्याख्येला हात लावायचा नाही. हातमाग, यंत्रमाग त्यांनी वर घेतले. जॅकार्ड वाचलं. टॉवेलच्या जागी पंचा करा म्हणत होते, तिथं मात्र अण्णा उठले. टॉवेलला लूप असतात, पंचाला नसतात. हे लेबल नाही, हा माल वेगळा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खुली झाली. हार, नारळ, भाषणं. प्रोजेक्टरवर पहिलं पान उघडलं तर फॉन्ट फुटला होता.

४ मार्च, मंगळवार

पुण्याहून फोन. तोच, एक्सेलवाला. कुणीतरी त्याला लिंक पाठवली, म्हणाला भारी केलंय, फक्त ते दर्जा काय टाकलंय? मी म्हटलं तुझा टाईप कॉलम, ए बी सी.

“ते कपाट होतं बे. ए कपाट, बी कपाट, सी कपाट.”

तीनशेच्या वर नोंदींना आम्ही दर्जा दिलाय. एका फार सुंदर नक्षीच्या चादरीला ‘सी’ आहे म्हणून मॅडमनी टिपणात लिहिलंय की विणीत दोष असूनही आकर्षक. कपाटं भंगारात गेली, त्यामुळे कुठल्या खोक्यातलं कुठं होतं हे सांगायला आता तेवढी तीन अक्षरंच उरलीत, म्हणजे माहिती कामाची आहे, फक्त नाव, लेबल, व्याख्या तिन्ही चुकलं.

फील्ड डिलीट केलं नाही. आयडी तसाच ठेवून ‘बाद’ खूण मारली, नवीन फील्ड केलं, लेबल ‘मूळ कपाट’, मूल्यं तिकडं नेली. मॅडमना मेल टाकायचाय, तो उद्या.

त्याला म्हटलं, अरे मग कॉलमला कपाट असं लिहायचं नाही का. तर म्हणाला, “मला माहीत होतं की.”